भांड्यांचा खर्च

कंपनीचा फॉर्म घरी आला त्या दुपारी बाबांनी भाताचं पातेलं भिंतीवर मारलं. भिंतीला निळा चुना होता, त्यावर शितं चिकटून राहिली आणि पातेलं गडगडत दाराबाहेर शेजारच्यांच्या कोंबड्यांत गेलं. आईनं झाडू घेतला. मी चटईवर बसून फॉर्म वाचत होते, तो शेवटपर्यंत वाचला. आमच्या घरात भांडं भिंतीवर जाणं ही काही बातमी नव्हती.

फॉर्म एका पानाचा होता. जालना एमआयडीसीतल्या ज्या रोलिंग मिलमध्ये बाबा बावीस वर्षं होते, तिथं नवी, आपोआप चालणारी लाइन बसणार होती. लाल सळई चिमट्यानं धरणारी माणसं आता नको होती. महिनाअखेरपर्यंत जो सही करेल त्याला एकरकमी चार लाख साठ हजार. जो करणार नाही त्याच्या कामाची हमी कंपनी देत नाही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, स्वेच्छानिवृत्ती. बाबा तेव्हा एकावन्न वर्षांचे होते, नोकरीची अजून सात वर्षं बाकी होती. त्यांनी सही करायची की नाही, आणि केली तर आम्ही तिघांनी कशावर जगायचं, हे महिनाअखेरच्या आत ठरवायचं होतं.

ज्यांनी रोलिंग मिल आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भट्टीतून लोखंडाचा लाल ठोकळा निघतो आणि दोन रोलच्या मधून दाबला जातो. एका बाजूला एक माणूस तो आत ढकलतो, दुसऱ्या बाजूचा माणूस लांब चिमट्यानं तो पकडतो, फिरवतो आणि पुढच्या खाचेतून परत पाठवतो. ठोकळ्याची सळई होत जाते, प्रत्येक फेरीत लांब आणि वेगवान. शेवटी ती सापासारखी उसळते. पकड एका क्षणानं चुकली तर सळई समोरच्याच्या मांडीतून आरपार जाते. हे मी कल्पनेनं लिहीत नाही. मी नववीत असताना बाबांनी असा एक माणूस खांद्यावर टाकून गेटपर्यंत आणला होता, आणि त्या रात्री त्यांच्या शर्टाला जो वास होता तो आईनं तीन वेळा धुऊनही गेला नाही. शेवटी तिनं तो शर्ट चुलीत घातला.

म्हणून मिलमध्ये जोडी असते. रोलच्या अलीकडचा आणि पलीकडचा. कामगार त्याला 'समोरचा' म्हणतात. बायको आजारी असली तर चालतं, समोरचा आजारी असला की माणूस हजेरी लावायला कचरतो. बाबांचा समोरचा एकोणीस वर्षं एकच होता. मी त्यांना काका म्हणायची. ते मूळचे अंकुशनगरकडचे, त्यांचे वडील साखर कारखान्यात होते. राहायचे आमच्या मागच्या गल्लीत. दोघं एकाच मोटरसायकलवर पाळीला जायचे, आणि वाटेत एक अक्षर बोलायचे नाहीत. आठ तास एकमेकांच्या डोळ्यांत बघितल्यावर बोलायला काही उरत नाही, असं काकाच एकदा म्हणाले होते.

आणि मी. मी पत्रकांवर वाढले. बाबा सातवी शिकलेले, पण गेटवर वाटलेलं कुठलंही पत्रक ते टाकत नसत. घडी करून खिशात घालून आणत आणि मला मोठ्यानं वाचायला लावत. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं नव्हती. माझ्या पहिल्या जोडाक्षरांत 'संघर्ष' आणि 'हक्क' होते. वाचून झालेली पत्रकं आई डब्यांच्या तळाशी घालायची, त्यामुळे डाळ संपत आली की खाली मागण्या दिसायच्या. कॉलेज सुटल्यावर मी अर्धा दिवस एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करू लागले आणि उरलेला अर्धा दिवस मिलमधल्या कामगारांच्या छोट्या संघटनेची पत्रकं लिहू लागले. पैसे मिळत नसत. मला ते मागायचेही नव्हते.

फॉर्म आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. आजही ते मला पाठ आहे, आणि पाठ आहे याची लाज वाटते. त्यातलं एक वाक्य मी ठळक केलं होतं: जो सही करतो तो आपल्या भावाच्या गळ्यावर सुरी ठेवतो. सुरी, गळा, रक्त हे शब्द मला सहज येत. मी तेवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की शब्द जितका धारदार तितकं तत्त्व पक्कं.

चार दिवसांनी पहिली सही झाली. ती काकांची होती.

सकाळची पाळी बदलताना मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीजवळ पत्रकं वाटत उभी होते. काका लंगडत आले. दोन महिन्यांपूर्वी एक सळई सुटून त्यांच्या नडगीला चाटून गेली होती, जखम भरली होती पण पाय तिरका पडायचा. तीन तरुण कामगारांनी त्यांना गाठलं. पहिल्यानं नुसतं विचारलं, सही केली म्हणे. काका हो म्हणाले. दुसऱ्यानं कारण विचारलं. काका म्हणाले, माझी मर्जी. मग तिसऱ्यानं कानशिलात मारली आणि पुढचं फार लवकर झालं. काका खाली पडले, त्यांच्या बरगडीत बुटाची लाथ बसली, तिचा आवाज मला पोत्यावर काठी मारल्यासारखा आला. एकानं माझ्या हातातल्या गठ्ठ्यातून एक पत्रक ओढलं, त्याचा बोळा केला आणि काकांच्या तोंडात कोंबला. वर माझ्याकडे बघून, हसत नव्हता तो, अगदी आदरानं म्हणाला, "ताई, बराबर लिहिलंत तुम्ही."

मी काही बोलले नाही. हे मला लिहायलाच हवं. माझ्या हातात पाऊणशे पत्रकं होती आणि मी ती छातीशी धरून उभी राहिले.

बाबा त्याच वेळी गेटमधून बाहेर आले. त्यांनी पाहिलं. ते धावले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त दोन पावलं टाकून थांबले, आणि ते का थांबले हे मला तेव्हा कळलं नाही. पोरं निघून गेल्यावर त्यांनी काकांना उठवलं, त्यांच्या तोंडातून कागद काढला आणि मोटरसायकलवर मागं बसवून नेलं.

दुपारी ते घरी आले आणि तो ओला कागद त्यांनी माझ्यासमोर उलगडला. एका कडेला लाल डाग होता. ते म्हणाले, "वाच." मी म्हटलं, मला माहीत आहे काय आहे त्यात. ते म्हणाले, "मोठ्यानं वाच, माय. लहानपणी वाचायचीस तशी."

मी वाचलं. सुरीचं वाक्यही वाचलं. आई कोपऱ्यात वाटूरहून आलेली तूर निवडत होती. बाबांचं वडिलोपार्जित रान वाटूरला आहे, ते त्यांचे भाऊ बघतात आणि वर्षाकाठी आम्हाला ज्वारी नि तूर पाठवतात. आईचे हात थांबले नाहीत.

वाचून झाल्यावर बाबांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"आता हितं घराचा खर्चा लिही. महिन्याचा. मी घरी बसलो तर किती लागतंय ते मला बघायचंय."

त्यांनी 'नुसतं बघायचंय' असंही जोडलं. पण नुसतं बघणारा माणूस शेवटी सही करतो, असं मला वाटत होतं. मी मनाशी ठरवलं की या कागदावर त्यांना हरवायचं. खर्च इतका दिसला पाहिजे की सहीचा विचारच मरावा.

आणि मला ते जमत होतं, कारण मागणीपत्रक लिहायची एक रीत असते. मालक प्रत्येक आकडा कापणार हे धरूनच आकडा लिहायचा. दोन हजार हवे असतील तर तीन लिहायचे. तो कापतो, आपण ओढतो आणि मधे कुठेतरी खरा आकडा हाती येतो. मी घराचा खर्च तसाच लिहिला. दूध रोज लिटरभर. ज्वारी-तूर बाजारभावानं, वाटूरचं नाव न घेता. कपडे दर महिन्याला. औषधपाणी, प्रवास, आहेर, वर्तमानपत्र, सगळं फुगवून. बेरीज सव्वीस हजारांवर गेली. बाबांचा पगार ओव्हरटाइम धरून एकोणीस होता. म्हणजे माझ्या कागदाप्रमाणे आम्ही कधीच मेलो होतो.

बाबांनी बेरीज बघितली आणि भिंतीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तेव्हा राग समजले. आज मला वाटतं ती भीती होती.

आईनं सूप खाली ठेवलं. "वाचून दाखव एकेक," ती म्हणाली.

मी वाचत गेले आणि ती कापत गेली. दूध ऐकून तिनं विचारलं की घरात बाळंतीण कोण आहे, अर्धा लिटर कर. ज्वारी-तूर ऐकून म्हणाली की दिराला कळलं तर तो पैसे मागायला यायचा, खोड ते. कपड्यांवर ती हसली. म्हणाली, दर महिन्याला नवीन नेसणारी बाई तुझ्या पत्रकात असंल, या घरात न्हाई. वर्तमानपत्र तू दुकानात फुकट वाचतेस. किराणा, गॅस, वीज, पाण्याचे जार, गाडीचं पेट्रोल, लग्नामर्तिकाचं देणंघेणं, एकेका ओळीवर तिचं बोट यायचं आणि आकडा खाली यायचा. जिथं मी लबाडी केली होती तिथं ती बरोबर थांबत होती. मालकानं इतकं कधी कापलं नसेल.

मग ती म्हणाली, "दारू लिहिली न्हाईस."

बाबांनी दाराकडे बघितलं. मी पेन धरून बसले. तिनं आकडाही सांगितला, अठराशे. मी तो लिहिला.

त्यानंतरची ओळ होती भांडीकुंडी. मी शंभर रुपये लिहिले होते, तेही उगाच, यादी लांब दिसावी म्हणून.

"हे कमी लिहिलंस," आई म्हणाली. "सातशे कर."

मला हसू आलं. साऱ्या कागदावर तिनं वाढवलेली ही एकच ओळ. मी म्हटलं, आई, सातशेची भांडी महिन्याला कोण घेतं, आपलं काय हॉटेल आहे का. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. दिवाळी झाली त्याच आठवड्यात अर्धा डझन कप. ते गेले म्हणून पुन्हा अर्धा डझन. मग काचेचे ग्लास बंद केले आणि स्टीलचे आणले, त्यांना पोचे पडले. चहाची किटली. कुकरचा कान. दोन ताटल्या. पाण्याची बाटली. आणि परवाचं पातेलं, ते आता चुलीवर बसत नाही, डुगडुगतं.

मी लिहीत होते. लिहिता लिहिता हात थांबला. घरात भांडी फुटतात ती फॉर्ममुळे, असं मी धरून चालले होते. बाबांच्या डोक्यावर टांगती तलवार आहे, म्हणून त्यांचा हात भांड्यावर जातो. हे मी एका पत्रकात लिहिलंही होतं, नाव न घेता, मालकाची हिंसा कामगाराच्या घरापर्यंत कशी येते म्हणून. पण फॉर्म येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. आणि दिवाळी होऊन तीन महिने.

मी विचारलं, "दिवाळीपासून?"

बाबा म्हणाले, "राग येतो मला."

आईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती तुरीतला एक खडा बोटानं बाजूला सारत म्हणाली, "राग तर तुम्हाला लग्नापासून येतो. भांडी दिवाळीपासून फुटून राह्यलीत."

बाबा उठले. त्यांचा हात वर गेला. असा हात वर गेला की मी लहानपणापासून डोळे मिटते, तेव्हाही मिटले. पण आवाज आला नाही. आला तो आईचा आवाज, अगदी सपाट, बाजारात भाव सांगावा तसा.

"आन हा बी दिवाळीपासूनच डावा हाय."

मी डोळे उघडले. बाबांचा डावा हात वर होता. उजवा मांडीलगत लोंबत होता.

माझा बाप उजव्या हाताचा माणूस. उजव्या हातानं चिमटा, उजव्या हातानं घास, आणि उजव्याच हातानं आईच्या गालावर ती चार बोटं. तीन महिने तो तिला डाव्या हातानं मारत होता, आणि ते घरात फक्त मार खाणारीला माहीत होतं. मी हिंसेवर लिहिणारी. माझ्या एकाही पत्रकात आमचं घर नव्हतं, आणि घरात कुठला हात उठतो हेही मी बघितलेलं नव्हतं.

बाबा खाली बसले. त्यांनी उजवा हात चटईवर ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा, आणि म्हणाले की शेवटची तीन बोटं बधिर आहेत. मधेच पकड जाते. कप धरलेला असतो आणि कळतच नाही कधी सुटला. पहिला कप सुटला तेव्हा आईसमोर लाज वाटली, म्हणून त्यांनी बशीही आपटली. मग ती सवयच झाली. वस्तू हातातून निसटायला लागली की ते ती भिंतीवर फेकायचे. फेकणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की तुझ्या हाताला काय झालं.

दुखण्याला राग समजायची ही चूक आमच्यासारख्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या घरात भांडं भिंतीवर गेलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं.

मग त्यांनी काकांच्या पायाचं सांगितलं. ती सळई रोलच्या झिजलेल्या खाचेमुळे सुटली असं सगळी मिल म्हणत होती, सुपरवायझरसुद्धा. मी त्यावर पत्रक काढलं होतं. बाबा म्हणाले, खाच ठीक होती. "माझा हात सुटला. त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं आन त्याला कळलं. त्यानंच सगळ्यांना सांगितलं, खाच झिजली म्हणून."

त्यानंतर दोन महिने काका तसेच त्यांच्या समोर उभे राहिले, रोज, आठ तास. फॉर्म आला तेव्हा त्यांनी सही केली. कुणी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, माझी मर्जी. "तोंडात कागद कोंबला तरी त्यानं माझं नाव न्हाई घेतलं," बाबा म्हणाले. आणि गेटवर ते दोन पावलांवर का थांबले ते मला कळलं. पुढं जाऊन सोडवायचं तर पोरांना कारण सांगावं लागलं असतं.

मी त्याही वेळी भांडले. मी म्हटलं, मग सही तर मुळीच करायची नाही. हात मिलनं खाल्लाय. ही निवृत्ती नाही, ही दुखापत आहे, तिची भरपाई मागू, कामगार न्यायालयात जाऊ, संघटना मागं उभी राहील. मी पत्रकासारखी बोलत होते, पण त्यातला शब्द नि शब्द खरा होता आणि आजही आहे. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, किती दिवस लागतील. मी म्हटलं, दोन वर्षं, तीन.

"आन तवर माझ्या समोर कोण उभं राहील?"

काका गेले की त्यांच्या जागी ठेकेदाराचं कुणीतरी नवं माणूस येणार होतं, ज्याला बाबांचे डोळे वाचता येणार नव्हते.

तो कागद आम्ही मग खरा लिहिला. आईच्या आकड्यांनी खर्च चौदा हजार दोनशे झाला. येणारी बाजू: रक्कम पोस्टात ठेवली तर महिना अठ्ठावीसशेच्या आसपास. आई बियाण्याच्या कंपनीत निवडायला जाते, आठ महिने काम असतं, ते वर्षभरावर पसरलं तर अठ्ठेचाळीसशे. माझे दुकानाचे तीन हजार. छत्तीसशे कमी पडत होते.

आई म्हणाली, "दारू आन भांडी खोड. पंचवीसशे तिथंच निघाले."

बाबा म्हणाले, "दारूचं समजलं. भांडी कशी खोडतीस?"

"सही केल्यावर लपवायचं काय राहील मंग?"

उरले अकराशे. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही, आणि म्हणूनच मला कळलं की ते माझ्यावर आले आहेत. दुकानाचा मालक पूर्ण दिवस ये म्हणून वर्षभर मागं लागला होता, साडेसहा हजार देतो म्हणत होता. त्याचा अर्थ दुपारनंतरची पत्रकं बंद. मी आकडा लिहिला. तो लिहिताना मला जितकं लागलं तितकं गेटवर काका पडले तेव्हा लागलं नव्हतं, आणि हे कळलं तेव्हा मला माझीच किळस आली.

कागद भरत आला होता. आई म्हणाली खाली अजून एक लिही. "घरात हात उचलायचा न्हाई. डावा न्हाई आन उजवा बी न्हाई. आठ घंटे बाहेर होते म्हणून निभलं. आता दिवसभर घरात बसणार हायत." मी ते मागणीपत्रकात कलम लिहितात तसं, आकडा टाकून लिहिलं. बाबांनी वाचलं. हो म्हणाले नाहीत, फाडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेटवर गेले. तीच तीन पोरं टपरीपाशी होती, बाकी पंधरावीस जण. फॉर्म बाबांच्या हातात उघडा होता, लपवायला त्यांनी नकार दिला होता. आदल्या दिवशी आदरानं बोललेला तो पुढं आला आणि म्हणाला, "ताई, आज घरचाच माल आणला का?" काही जण हसले.

बाबांनी उजवा हात वर केला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. तीन मिटली नाहीत. ते म्हणाले, "समोरच्याचा पाय माझ्या हातानं जळाला. खाच बराबर होती. त्यानं सही माझ्यामुळं केली." मग थांबून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तर मी सही न्हाई करत. आता आत जातो अन् चिमटा धरतो. माझ्या समोर कोण उभं राहतंय ते सांगा."

ज्यानं बोळा कोंबला होता तो खाली बघत होता. मग वाट झाली, एकेक माणूस बाजूला सरकला. आम्ही चार पावलं गेलो असू, मागून एक चहाचा ग्लास आला आणि माझ्या भुवईवर फुटला. कुणी मारला ते मला माहीत नाही. बाबांना लागावा म्हणून मारला असेल, मला लागावा म्हणूनही असेल. मला तो कुणा एकाच्या नावावर टाकायचा नाही. रक्त डोळ्यात उतरलं, मी ओढणी दाबून आत गेले.

ऑफिसातल्या क्लार्कनं पेन दिलं. बाबांच्या उजव्या हातातून ते दोनदा पडलं. फेकलं मात्र नाही, वाकून उचललं. डाव्या हातानं सही केली तर क्लार्क म्हणाला जुन्या सहीशी जुळत नाही, आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. ज्या माणसानं मला वाचायला लावलं त्यानं 'स्वेच्छेने' या शब्दाखाली अंगठा उठवला. माझ्या भुवईतला एक थेंब टेबलावर पडला तेव्हा क्लार्कनं फॉर्म पटकन बाजूला ओढला, खराब होऊ नये म्हणून.

भुवईला चार टाके पडले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांची मान तपासून नस दबल्याचं सांगितलं, हात थोडा परत येईल म्हणाले, पूर्ण नाही. मी पूर्ण दिवस दुकानात जाऊ लागले. रविवारी एक पत्रक लिहिलं, छोटं. सही करणाऱ्याला शिव्या न देता, ज्याची पकड गेली आहे त्याला कामावरून काढण्याआधी तपासून भरपाई द्या, एवढीच मागणी. संघटनेत काहींना ते मवाळ वाटलं. छापलं मात्र.

हात न उचलायचं ते कलम एकदा मोडलं. पावसाळ्यात, दोन रुपयांच्या कशावरून तरी. आईनं कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला आणि काकांच्या घरी जाऊन राहिली, तिथूनच बियाण्याच्या कामाला जात राहिली, चार दिवस. बाबांना स्वयंपाक येत नव्हता. पाचव्या दिवशी ते तिला आणायला गेले तेव्हा मीही होते. ते काय बोलले ते मी इथं लिहीत नाही, कारण ते तिला बोलले होते. त्यानंतर मोडलेलं नाही. पुढं मोडणार नाही असं मी लिहून देत नाही.

काकांकडे बाबा सही झाल्याच्या संध्याकाळीच गेले होते. दोघं ओट्यावर समोरासमोर बसले. काकांच्या फाटलेल्या ओठाला आदल्या दिवशीच टाके पडले होते, त्यांनी नीट बोलता येत नसताना एवढंच म्हटलं, "मला वाटलं होतं तूच सांगशील." बाबा म्हणाले, उशीर झाला. काकूंनी चहा आणला, स्टीलच्या ग्लासात, वाफाळता. बाबांनी सवयीनं उजव्या हातानं घेतला. बोलता बोलता ग्लास सुटला, आणि तो खाली जायच्या आत काकांचा हात पुढं आला होता. त्यांनी तो हवेतच पकडला. उकळता चहा त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला, कातडी लाल झाली. त्यांनी ग्लास सोडला नाही. तो बाबांच्या डाव्या हातात दिला, आणि मग हात पाण्यात घातला.